भरल्या वाडग्यावरचा शब्द

कोठीत यामच्या बेण्याचे सहाशे बारा कंद होते. मुठीपेक्षा मोठे एकशे चौऱ्याऐंशी, मुठीएवढे तीनशे एकाहत्तर, आणि उंदरांनी कुरतडलेले पण डोळा शाबूत असलेले सत्तावन्न. सेवुएसेने ते एकदा खालच्या फळीपासून वर आणि एकदा वरच्या फळीपासून खाली असे मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजायचं कारण उरलं नाही.

ती कोठीतून वाकून बाहेर आली. केसांना कोळिष्टकं लागली होती. दाराशी बुटक्या स्टुलावर तिचा नवरा ओर्कुमा बसला होता, डावा हात जांघेत दाबून. हल्ली तो हात तिथंच असायचा.

"किती?"

"सहाशे बारा."

"कुरतडलेले धरून?"

"धरून."

"ते धरू नकोस."

"उगवतात ते."

"उगवतात गं. पण कुणी विचारलं तर सांगताना धरू नकोस. लोक म्हणतील, ओर्कुमा उंदराचं उष्टं लावतो."

"कोण विचारतंय?"

 त्या वर्षी पाऊस महिनाभर आधीच निघून गेला होता. बेन्वे नदीचं पात्र वेळेआधी खाली उतरलं, ढिगांतले कंद पोसायच्या ऐन वेळी माती कोरडी पडली, आणि काढणीला निघाले ते असे मुठीएवढे. चांगले मोठे होते ते विकून आणि खाऊन संपले. उरलं ते हे बेणं. पुढच्या वर्षाचं खाणं, मुलींच्या शाळेची फी, सगळं त्या फळ्यांवर होतं. शिवाय जमीनही.

जमिनीचा निकाल गेल्या बाजाराच्या दिवशी लागला होता. ओढ्याकडे उतरणारा तो तुकडा ओर्कुमाच्या बापाने कसलेला. काळी, मऊ, भावकीतली सगळ्यात चांगली माती. इथं जमीन कागदावर नसते. जो कसतो त्याची, आणि कोण कसतो ते भावकीचा म्हातारा ठरवतो. तो म्हातारा म्हणजे बाबा अबुर. आवाराच्या मधल्या उघड्या झोपडीत, वेताच्या खुर्चीत बसून त्याने दोघांना समोर घेतलं होतं, एकीकडे ओर्कुमा आणि दुसरीकडे त्याचा चुलतभाऊ अकोसू.

"ओर्कुमा, तू आजारी आहेस, मला दिसतंय," अबुर म्हणाला. "अकोसूची खाणारी तोंडं वाढलीत, तेही दिसतंय. दिसत नाही ते एकच, की तू त्या रानात खोरं कसं चालवणार आहेस."

"माझी सावड आहे बाबा. उग्बाच्या टोळीत मी सगळ्यांकडे राबलोय. आता पाळी माझी आहे."

"मग झालंच. या हंगामात जेवढ्या ढिगांत तुझा याम पडेल तेवढी जमीन तुझी, तुझ्या पोरींची. रिकामी राहील ती अकोसूची. लावणी झाली की मी स्वतः येऊन खुंटी ठोकेन."

अकोसूने दोन्ही हात पुढे केले, जणू कुणी त्याच्यावर आळ घेतला होता. "भाऊ, मला तुझ्या तोंडचा घास नको. पण बापजाद्यांच्या रानात गवत माजलेलं बघवतं का? आणि तोवर माझा तो खडकाकडचा पट्टा आहे ना, तिथं वहिनीला भुईमूग पेरू दे. आहे तसा आहे. मॅनेज करा."

सेवुएसे भिंतीशी उभी होती. तो शब्द आल्यावर ओर्कुमाचा जबडा हलला ते तिने पाहिलं.

हा शब्द मुळात इंग्रजी, पण ज्याला इंग्रजीतलं दुसरं अक्षर येत नाही त्यालाही हा येतो. गाडीवाला दोघांच्या जागेवर चौथा माणूस कोंबतो आणि म्हणतो, मॅनेज करा. मास्तर तीन पोरांत एक पुस्तक देतो आणि म्हणतो, मॅनेज करा. कसं काय चाललंय विचारलं तर आजारी, धडधाकट, विधवा, सगळे एकच सांगतात, मॅनेज करतोय. म्हणजे आहे त्यात भागवतोय, मेलो नाही. आणि पाहुण्यापुढे जेवण ठेवताना यजमान म्हणतो तेव्हाही हाच शब्द. "काही विशेष नाही, मॅनेज करा." मग पाहुणा म्हणतो, "फार केलंत," आणि हात घालतो. यजमानाने तसं म्हटल्याशिवाय जेवणाला हात लागत नाही. तो न म्हणता कुणी खाल्लं तर ते चोरून खाल्ल्यासारखं.

ओर्कुमाचा बाप या बाबतीत नावाजलेला होता. त्याच्या आवारात म्हणे वाडगं ठेवलं की पलीकडे बसलेला माणूस दिसायचा नाही, एवढा यामचा गोळा उंच. त्यावर कोंबडीचा पाय. आणि मग म्हातारा मान खाली घालून पुटपुटायचा, "मॅनेज करा." लोक हसून लोळायचे. अजून त्याची नक्कल करतात.

त्याच्या मुलाला या वर्षी मात्र तो शब्द समोरच्यांकडून ऐकावा लागत होता. जांघेतलं दुखणं त्याला सावडीतच लागलं. उग्बाच्या रानात ओल्या चिकणमातीचं खोरं उचलताना आतून काहीतरी सुटलं आणि खाली उतरलं. त्याने ओरडूनसुद्धा दाखवलं नाही, रांग पुरी केली आणि मग बांधावर आडवा झाला. दवाखान्यातल्या माणसाने दोन बोटांनी ती गाठ आत ढकलून पाहिली, ती परत बाहेर आली, परत ढकलली.

"ऑपरेशन लागेल. मकुर्डीच्या मोठ्या दवाखान्यात."

"आणि तोवर?"

त्याने गोळ्यांचं पाकीट मधोमध फाडलं आणि अर्धं पुढे केलं. "एवढ्याच उरल्यात. मॅनेज करा. वजन उचलू नका, खोकू नका, रागावू नका."

"हसू तरी का?" ओर्कुमाने विचारलं होतं.

"हळू हसा."

गाठ दाबून ठेवणारा पट्टा विकत घ्यायचा होता, तो दवाखान्यात नव्हता. सेवुएसेने आपल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लुंगीची किनार फाडून त्याला पट्टा केला. रोज सकाळी तो पाठीवर निजायचा, ती गाठ आत बसवायची आणि पट्टा आवळून गाठ मारायची. त्या वेळी तो छताकडे बघायचा.

* * *

उग्बा स्वतः आवारात आला तेव्हा ती तीळ पाखडत होती. उग्बा टोळीचा पुढारी, आखूड मानेचा, मोठ्या आवाजाचा माणूस. चौदा खोरी त्याच्या शब्दावर हलायची. त्याने आल्याआल्या ओढ्याकडच्या रानात फेरी मारली होती. टाचेने माती दाबून पाहिली होती.

"अजून आठवडाभर," तो म्हणाला. "मग उत्तरेचा वारा सुटला की मातीची वीट होईल. परवाच घेऊ तुमचं."

"परवा घ्या," ओर्कुमा म्हणाला.

उग्बा स्टुलावर बसला, मग उठला, मग परत बसला. "ऐक. टोळीत बोलणं झालंय. यंदा सगळ्यांच्याच कोठ्या रिकाम्या. पोरं म्हणाली, ओर्कुमाकडे आपण घरूनच कसाव्याच्या पिठाचा गोळा बांधून नेऊ. तू फक्त पाणी दे. पुढच्या वर्षी दुप्पट खाऊ, काय?"

ओर्कुमा हसला, दवाखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं तसा, हळू. "तुझ्याकडे मी काय खाल्लं होतं उग्बा?"

"ते सोड."

"याम. दोन वेळा. माशाचं कालवण. संध्याकाळी बुरुकुतू, ज्वारीची दारू. लोरच्याकडे काय खाल्लं? याम. ज्याच्या त्याच्याकडे याम खाल्ला आणि माझ्याकडे आलात की फडक्यात बांधून आणणार? माझ्या दारात चौदा माणसं आपापली फडकी सोडून बसणार?"

"तसं नाही रे..."

"मी आजारी आहे. भिकारी नाही."

उग्बाने सेवुएसेकडे पाहिलं. तिने सुपाकडे पाहिलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "चांगलं बोलत होता तो."

"तीळ पाखड."

"दोन वेळ, चौदा माणसं, कुटायला येणाऱ्या बायका, त्यांची पोरं. तीसच्या वर तोंडं होतात. बेणं मुठीएवढं आहे. एका तोंडाला चार लागतील, सोलून."

"बेण्याला कोण हात लावतंय?"

"मग काय घालणार आहात?"

"तू बाई आहेस घरची. तू बघ."

* * *

तिने बघितलं. दुपारी ती ओढा ओलांडून उग्बाच्या रानात गेली. तो एकटाच ढिगांवर वाळकं गवत झाकत होता, उन्हाने माती तापू नये म्हणून. तिने लांबूनच हाक मारली, म्हणजे लोकांना लपूनछपून आल्यासारखं वाटू नये.

"भाऊ, माझ्याकडे परसातला कसावा आहे. थोडा आहे. तो मी दळून, शिजवून ठेवते. वाडगी अर्धी भरतील. तीळ घालून कालवण करते, मासे नाहीत. एवढ्यात चालेल?"

उग्बाने घाम पुसला. "वहिनी, आम्हाला पाण्यावर चालेल. तुझ्या नवऱ्याला चालेल का ते बोल."

"वाडगी समोर आल्यावर काय करणार आहेत ते?"

"त्याला तो शब्द म्हणावा लागेल. बाकी काही नको. अर्ध्या वाडग्यावर एकदा म्हणाला, की आम्ही असं खाऊ की त्याला वाटेल लग्नाला आलोत. पोरांना मी सांगून ठेवतो, कुणी दात काढायचे नाहीत." तो थांबला. "पण म्हणायला त्यालाच पाहिजे."

"म्हणतील."

"त्याच्या बापाला ओळखायचीस ना?"

"म्हणतील," ती परत म्हणाली.

घरी येताना ती बेण्याचा हिशेब करत होती. सहाशे बारा कंद, सहाशे बारा ढीग. माती कडक असली तरी चौदा माणसं दिवसात तेवढे ढीग घालतील. मग जवळजवळ सगळा उतार लावून होतो आणि अबुरबाबाला खुंटी ठोकायला ओढ्याचं पाणीच उरतं. तिला चालताना हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

* * *

टोळी सूर्य उगवायच्या आत आली. खोऱ्यांची पाती रुंद, गवंड्याच्या घमेल्याएवढी. चौदा पाती खांद्यांवरून चमकत उतारावर गेली. एक शिट्टी, मग गाणं म्हणायला कुणीतरी सुरुवात केली आणि सगळे एका ओळीत वाकले. माती वरून फुटत नव्हती. पहिला घाव बसला की पातं उडायचं, दुसऱ्याला कवच तुटायचं, मग आतली ओल लागायची. प्रत्येक ढीग कमरेएवढा करायचा तर खालून माती ओरबाडून आणावी लागत होती. गेल्या पावसाळ्यात जो ढीग सहा घावांत झाला असता त्याला आज वीस लागत होते.

ओर्कुमा शियाच्या झाडाखाली बसला होता. एकदा तो उठला, कुणाचं तरी बाजूला ठेवलेलं खोरं घेतलं आणि ओळीच्या टोकाला उभा राहिला. दोन घाव घातले. तिसऱ्याला तो तसाच वाकलेला राहिला. लोर नावाच्या पोरगेल्या गड्याने त्याच्या हातातून खोरं काढून घेतलं आणि त्याला बखोटीला धरून सावलीत नेऊन बसवलं. गाणं थांबलं नव्हतं, पण थोडं खाली आलं होतं.

आवारात येंबेर आणि आणखी चार बायका उखळांशी बसल्या होत्या. येंबेर शेजारची, बोलायला फटकळ.

"कुटायला बोलावलंस आणि कुटायला काही नाही," ती म्हणाली. "मुसळ घेऊन काय नाचू?"

"कसावा ढवळायचाय. तो ढवळा."

"अगं, आपली पोरं काय खाणार?"

"खरवड."

"बरी आहेस. तुझा नवरा खाली झाडाखाली बसून राजासारखा हुकूम सोडतोय, आणि वर खरवडीचं जेवण." मग तिने सेवुएसेच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मॅनेज करू. दे इकडे पळी."

दहाच्या सुमारास माणसं वर आली. हात धुतले. मधल्या झोपडीत गोल करून बसली. अंगावरचा घाम मातीत मिसळून त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत एकाच रंगाचे झाले होते. चौदा वाडगी त्यांच्यापुढे आली. प्रत्येक वाडग्याच्या तळाशी करडा, चिकट गोळा, निम्म्याहून कमी. बाजूला तिळाचं पातळ कालवण. वाफ यावी म्हणून सेवुएसेने वाडगी गरम पाण्यात बुडवून आणली होती.

उग्बा वाडग्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "अरे वा, तिळाचं. माझ्या बायकोला करता येत नाही बघा." दोघे हसले, पुरेसे नाही.

मग सगळे ओर्कुमाकडे बघू लागले.

तो वाडग्याकडे बघत होता. त्याचे ओठ मिटले होते. कोंबडी आत आली, तिला कुणी हाकललं नाही. लोरने बोटं वाडग्याच्या काठावर ठेवली आणि परत मांडीवर घेतली. माणसं पहाटेपासून उपाशी होती; कुणाचं तरी पोट वाजलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

"ओर्कुमा," उग्बा हलक्या आवाजात म्हणाला, "कालवण निवतंय का बघायचंय? बोल की."

ओर्कुमाने घसा साफ केला. दाराशी उभ्या सेवुएसेला वाटलं, आला, आता आला. पण तो पुन्हा वाडग्याकडे बघायला लागला. त्याच्या कपाळावर, रानात एक ढीगही न घालता, सगळ्यांपेक्षा जास्त घाम होता.

तिला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "मॅनेज करा, भाऊ लोक."

बाईचा आवाज. घरधनी समोर बसलेला असताना, त्याच्या अगोदर. चौदा माणसांनी माना खाली घातल्या. येंबेरने उखळाशी बसल्या बसल्या तोंडावर हात ठेवला. उग्बाने प्रसंग सावरायला पटकन हात पुढे केला, "फार केलंत वहिनी," असं म्हणत, आणि ओर्कुमाने आपला तळहात त्याच्या वाडग्यावर पालथा घातला.

"थांबा," तो म्हणाला. "हे चुकून आलं. हे कुत्र्यांचं आहे."

तो उठला. जांघेत हात न धरता, ताठ, तो कोठीपर्यंत गेला आणि वाकून आत शिरला. आतून फळीवरून कंद पाटीत पडल्याचे आवाज यायला लागले. ती मागे धावली.

"अहो, ते बेणं आहे."

"माहीत आहे."

"अबुरबाबांनी सांगितलंय ना, जेवढं लावू तेवढंच..."

"सोलायला घे."

"उग्बाला चालत होतं. मी विचारलं होतं त्यांना. सगळ्यांना चालत होतं."

तो थांबला. अंधारात तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता. "तू जाऊन विचारलंस."

"हो."

"म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मी काय म्हणणार ते."

 त्याने भरलेली पाटी स्वतः उचलली. ती "नको" म्हणेपर्यंत त्याने ती दारातून बाहेर आणली होती आणि बायकांच्या पुढ्यात उपडी केली होती. मग दुसरी. दुसऱ्या खेपेला तो पाटीसकट भिंतीला टेकला, डोळे मिटून.

"सोला," तो म्हणाला. "आणि लोर, सायकल आहे ना तुझी? ही पाटी घाटावर नेऊन विक. मासे घेऊन ये, आणि माडोगीकडून दोन घागरी बुरुकुतू. भाव करू नकोस."

* * *

मुठीएवढा कंद सोलायला मोठ्याहून जास्त वेळ लागतो आणि सालीत जास्त जातो. पाच बायका सोलत होत्या तरी दुपार झाली. माणसं तोवर परत रानात गेली, उपाशीच. अर्धी भरलेली वाडगी तशीच पडून होती आणि त्यांच्यावर साय धरली होती. ओळीतलं गाणं बंद होतं. उन्हाने वरची माती आणखी कडक केली. उतारावरून खोऱ्यांचे आवाज येत होते, एकसारखे नाही, तुटक.

सोलताना सेवुएसेच्या हातांना खाज सुटली, कच्च्या यामची सुटते तशी. तिने प्रत्येक कंदाचा डोळ्याकडचा तुकडा कापून बाजूला ठेवायला सुरुवात केली, की निदान तेवढा लावता येईल. येंबेरने ते पाहिलं.

"एवढासा तुकडा उगवत नाही गं. कुजतो."

"माहीत आहे."

"मग?"

ती कापत राहिली. थोड्या वेळाने येंबेरही तसंच कापायला लागली.

मग कुटणं झालं. पाच उखळांचा आवाज अख्ख्या भावकीत गेला असेल. अकोसूची बायको कुंपणापर्यंत येऊन बघून गेली. वाडगी परत भरली, या वेळी पांढरीशुभ्र, गोळा काठाच्या वर टोपीसारखा आलेला, वर माशाचे तुकडे. माणसं बसली. ओर्कुमाने एकेका वाडग्यावरून नजर फिरवली. मान खाली घातली.

"काही विशेष नाही," तो म्हणाला. "मॅनेज करा."

 मग म्हाताऱ्या गड्यांपैकी एक जण फिसकन हसला. "अगदी बापाचा आवाज! ऐकलंत का? तसाच पुटपुटला."

"याला मॅनेज म्हणतोस, तर पोटभर कशाला म्हणतोस रे?" दुसरा म्हणाला.

"फार केलंस," उग्बा म्हणाला. त्याने गोळा तोडला, कालवणात बुडवला, गिळला. त्याने ओर्कुमाकडे पाहिलं नाही, सेवुएसेकडेही नाही.

संध्याकाळचं जेवणही तसंच झालं. बुरुकुतू आल्यावर गाणं परत सुरू झालं. निघताना प्रत्येकाच्या हातावर ओर्कुमाने चार चार कंद ठेवले. लोर घेईना. "घे," ओर्कुमा म्हणाला, "माझ्या बापाच्या दारातून कुणी रिकाम्या हातांनी गेलेलं नाही." लोरने घेतले आणि कुंपणाबाहेर गेल्यावर दगडावर ठेवून दिले. सकाळी ते सेवुएसेला सापडले. तिने ते पुसून कोठीत नेले.

त्याच सकाळी पट्टा बांधताना गाठ आत जाईना. तिने गरम पाण्याचं फडकं ठेवलं, त्याला पाय वर घेऊन निजवलं, तेव्हा कुठे गेली. तो छताकडे बघत होता.

"सगळे पोटभर जेवले," तो म्हणाला.

"जेवले."

"कुणी नाव ठेवायला जागा नाही."

तिने पट्ट्याची गाठ मारली आणि टोक आत खोचलं. "हालू नका दुपारपर्यंत," ती म्हणाली.

* * *

लावणीला ती आणि दोन्ही मुली होत्या. उत्तरेचा वारा सुटला होता. ओठ फुटले होते आणि पलीकडची टेकडी धुळीत दिसेनाशी झाली होती. ढिगाच्या माथ्याला हाताने भोक पाडायचं, कंद ठेवायचा, डोळा वर, माती सारायची, वर गवताची टोपी, टोपीवर ढेकूळ. थोरली पाटी धरायची, धाकटी गवत आणायची. येंबेरने आपल्या कोठीतले काही कंद आणून दिले, फडक्यात झाकून, आणि देताना काहीच म्हणाली नाही. कापून ठेवलेले डोळे काळे पडले होते. सेवुएसेने ते ओढ्यात टाकले.

लावून झाल्यावर बाबा अबुर काठी टेकत उतारावर आला. बरोबर अकोसू, खांद्यावर खुंटी आणि हातात दगड. ओर्कुमा शियाच्या झाडाखालून उठून त्यांच्यामागे आला, अंतर ठेवून. टोळीने घातलेल्या ढिगांच्या बत्तीस ओळी होत्या, ओळीत वीस ढीग. अबुर प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबायचा, गवताच्या टोप्या बघायचा आणि काठी पुढे टाकायचा. तो घाईत नव्हता. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो मनगटाने पुसत होता.

चौदाव्या ओळीत तो आत शिरला. दोन्हीकडे बघत बघत चालला आणि एका ठिकाणी उभा राहिला. पुढच्या ढिगावर टोपी नव्हती, त्याच्या पुढच्यावरही नव्हती. त्याने अकोसूला काठीने जागा दाखवली. अकोसूने खुंटी धरली आणि दगडाने ठोकली. माती कडक होती. पहिल्यांदा ती वाकडी गेली, उपटून परत ठोकावी लागली.

खुंटी अकराव्या आणि बाराव्या ढिगाच्या मध्ये उभी राहिली. तिच्या वरच्या बाजूला याम पडलेले दोनशे एकाहत्तर ढीग होते, ओढ्याच्या बाजूला रिकामे तीनशे एकोणसत्तर.